कलाबाईंच्या नावावर

धुळे,
२४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून या घरात पत्र लिहिणारी मी एकटीच उरले आहे. परवा राजदीपनी तुम्हाला फोन केला, तेव्हा ते इकडून ओरडत होते आणि तुम्ही तिकडून कपाशीचा भाव सांगत होतात. शेवटी फोन ठेवून ते मला म्हणाले, "तूच लिही बाई. मामांना आता कागदावरच ऐकू येतं." म्हणून लिहायला बसले. बातमी चांगली नाही, आधीच सांगते.

आपली परमिट रूम बंद झाली आहे. हायवेवरच्या आपल्या 'हॉटेल पळसबन'मध्ये या महिन्याच्या सुरुवातीला तीन पोरं येऊन बियर पिऊन गेली. एकाच मोटरसायकलवर तिघं बसली आणि बायपासच्या वळणावर दुभाजकावर आदळली. दोघांचं खरचटण्यावर निभावलं. तिसऱ्याचं मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. हा तिसरा म्हणजे आपल्याच गल्लीतल्या सविताताईंचा प्रशिक. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारा मुलगा, मामा! आमच्या दारावरून त्याच्या बुटांचा आवाज गेला की मी दूध तापवायला उठायचे.

तुम्हाला ठाऊकच आहे, बियर द्यायची तर गिऱ्हाईक एकवीस वर्षांचं लागतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी वय विचारलं, तर सविताताई रडत रडत "एकोणीस" म्हणून गेल्या. प्रशिकच्या खिशात आपल्या हॉटेलचं बिल सापडलं. मग काय, उत्पादन शुल्कवाले आले, पंचनामा झाला आणि दाराला सील लागलं. आता जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी होईल आणि लायसन ठेवायचं की काढून घ्यायचं ते ठरेल.

मामंजी गेल्यापासून लायसन आईंच्या नावावर आहे, म्हणून नोटीसही 'श्रीमती कलाबाई' अशी आईंच्याच नावाने आली. राजदीप त्या दिवशी नाशिकला साखरपुड्याला गेले होते. काउंटरवर कोण होतं असं विचारलं की आपला स्वयंपाकी गिरधर नुसता पायाच्या अंगठ्याकडे बघतो. आमचं घर, पिहूची शाळा, गिरधरसकट सगळ्या कामगारांच्या चुली त्या एका लायसनवर आहेत. ते गेलं तर आम्ही काय करायचं, मला खरंच कळत नाही.

आई काहीच बोलत नाहीत. जेवायला बसतात आणि भाकरीचा घास हातात धरून तशाच राहतात. सुनावणीला त्यांना उभं राहावं लागणार. तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ. त्या तिथे काय बोलतील, तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
रत्ना

---

भडगाव,
२ डिसेंबर २०२५

चि. रत्नास,
मंगल कामना.

पत्र पोचलं. जन्मभर पोस्टात दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता स्वतःला पत्र आलं की पोस्टमन दारात असतानाच फोडतो. तुझी मामी म्हणते, जरा घरात तर या! पण तुझं पत्र वाचून अंगणातच बसलो.

पोरी, घाबरून जाऊ नकोस. वकील चांगला करा. तुमच्या गावात रुपचंद वकील आहेत, त्यांना गाठा. माणूस बोलायला लागला की समोरच्याला स्वतःचं नाव विसरायला लावतो.

अक्काची चिंता तर मुळीच नको. मी तिला तू जन्मायच्या आधीपासून ओळखतो. आमच्या बापापुढे ती कधी बोलली नाही, दाजींपुढे कधी बोलली नाही. दाजींनी लष्करातून आल्यावर परमिट रूम काढली, ते तिच्या मनाविरुद्ध होतं. आपल्या लोकांत हा धंदा कोणी बरा म्हणत नाही. तरी ती बोलली नाही. दाजी गेल्यावर भावकीने कागद पुढे ठेवला, तिने सही केली. सहीपुरतीच अक्षरं तिला येतात, माहीत आहे ना? बाकी तिला सगळे कागद सारखेच.

तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांपुढे तिने तोंड उघडायचा प्रश्नच नाही. वकील बोलेल, ती मान हलवेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू फक्त तिचा हात धरून ने आणि हात धरून आण.

पोराच्या पायाचं कळव. सविताचं माहेर आमच्याच गावचं, गिरणेकाठच्या आळीतलं. तिचा बाप माझ्या ओळखीचा होता.

तुझा,
भाईदासमामा

---

धुळे,
१८ डिसेंबर २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

आज पेढे पाठवावेसे वाटताहेत. रुपचंद वकिलांनी दोन बैठकांत गाठ सोडवली.

झालं असं की त्यांनी प्रशिकचं आधार कार्ड मागवलं. जन्मतारीख काय असेल? १ जून २००४! म्हणजे कार्डाप्रमाणे मुलगा एकवीस पूर्ण. मामा, तुम्हाला ही १ जूनची भानगड मी सांगायला नको. पोराला शाळेत घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी डोळे मिटून १ जून टाकायचे. आपल्याकडे निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस एकाच दिवशी! प्रशिकला त्याच्या मोठ्या बहिणीबरोबर एकाच वर्षी शाळेत बसवायचं होतं, म्हणून वय वाढवून लिहिलं होतं असं गल्लीत सगळे म्हणतात. पण म्हणोत. वकील म्हणतात, गल्ली म्हणते ते कायद्याला ऐकू येत नाही. घाबरलेल्या आईचा एक शब्द एका बाजूला, सरकारने दिलेलं कार्ड दुसऱ्या बाजूला. आणि कार्ड बघूनच बियर दिली होती असं गिरधरने लिहून दिलं आहे. सविताताईही आता म्हणतात, कार्डावर आहे तेच खरं. तारीख खोटी ठरली तर पोराची भरती जाईल, या भीतीने असेल.

म्हणजे आपण सुटलो. राजदीपनी कितीतरी दिवसांनी काल पिहूला उचलून घेतलं.

फक्त एक गोष्ट. हे सगळं आम्ही आईंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "म्हणजे कागद म्हणेल तेच वय?" वकील म्हणाले, "हो आजी, तेच." त्यावर आई उठून आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी "भाईदासकडे भरीत खायला जाऊन येते" म्हणून एकट्या एसटीत बसल्या. या थंडीत, गुडघे दुखत असताना! चार दिवसांनी परत आल्या तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. मला वाटतं गावची हवा मानवली. पण तिकडे काही बोलल्या का? काही विशेष झालं का? नक्की कळवा.

सुनावणी जानेवारीत आहे.

तुमची,
रत्ना

---

भडगाव,
२७ डिसेंबर २०२५

चि. रत्नास,
मंगल कामना.

विशेष काय होणार? अक्का आली, भरीत झालं. वांगी मी स्वतः कपाशीच्या काड्यांवर भाजली. मामीने कळण्याच्या भाकरी केल्या. अक्का दोन खाऊन गेली आणि वर म्हणाली की मिरची कमी पडली. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समज.

दुपारी नदीकडे फिरायला गेली. मी म्हटलं सोबत येतो, तर नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. म्हातारपणी माणसाला माहेरची नदी आठवते, त्यात काय एवढं?

तुमच्या वकिलाने काम चोख केलंय. १ जूनचं वाचून हसलो. मीसुद्धा १ जूनचाच आहे. माझा खरा वाढदिवस कधी, ते सांगणारं आता अक्काशिवाय कोणी उरलेलं नाही.

सुनावणीचं सविस्तर लिही. सविस्तर म्हणजे सविस्तर, कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा.

तुझा,
भाईदासमामा

---

धुळे,
१७ जानेवारी २०२६

मामा,
जय भीम.

काल सुनावणी झाली. तुम्ही सविस्तर लिही म्हणालात, म्हणून क्रमाने लिहिते. जे बघितलं ते आपल्याच घरातल्या बाईने केलं, यावर कालपासून माझा विश्वास बसत नाही.

सकाळी आई विहारात जाताना नेसतात ती पांढरी साडी नेसल्या. मला वाटलं, मोठ्या साहेबांपुढे जायचं म्हणून. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी त्यांचा हात धरून नेलं. दालनात लांब टेबल होतं. समोर साहेब, त्यांच्या उजव्या हाताला उत्पादन शुल्कचे अधिकारी, एका कोपऱ्यात टाइप करणाऱ्या बाई. अलीकडे आपले वकील, राजदीप, आई आणि मी.

अधिकाऱ्यांनी प्रकरण वाचून दाखवलं. मग रुपचंद वकील उठले. मामा, काय बोलले! कार्ड, शाळेचा दाखला, गिरधरचा जबाब, सगळं पत्त्यांसारखं एकामागून एक ठेवलं. अधिकारी आपली फाईल पुन्हा चाळू लागले. साहेब मान हलवत होते. राजदीपनी टेबलाखालून माझा हात दाबला. झालंच होतं, मामा. सुटलोच होतो.

शेवटी साहेबांनी रीत म्हणून विचारलं, "आजी, लायसन तुमच्या नावावर आहे. वकील म्हणाले ते तुम्हाला मान्य आहे ना?" उठायचं, 'हो' म्हणायचं आणि बसायचं, एवढंच आम्ही शिकवलं होतं.

आई उठल्या आणि म्हणाल्या, "नही साहेब."

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. वकीलही हसून म्हणाले, "आजी, मान्य आहे ना असं विचारताहेत."

"समजनं माले," आई म्हणाल्या. "मान्य नही शे. त्या दिन काउंटरवर मीच बसेल व्हतू. मीच दिधी त्याले बाटली. तो एकवीसना नही, हाई माले माहीत व्हतं."

राजदीप ताडकन उभे राहिले. त्या दिवशी आई डबा घेऊन हॉटेलवर गेल्या होत्या आणि राजदीप नाशिकला, म्हणून गल्ल्याजवळ बसल्या होत्या, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. गिरधरला माहीत होतं, पण आईंना वाचवायला तो इतके दिवस अंगठ्याकडे बघत बसला होता.

वकील सावरले. म्हणाले, "साहेब, यांचं वय झालंय, मनाला लागलंय, काहीतरी बोलताहेत. मुलगा एकवीसचा नाही याला पुरावा काय? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!" साहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि आईंना हळू आवाजात विचारलं, "आजी, खरंच, पुरावा काही आहे का?"

"पुरावा तुमना हातमा शे," आई म्हणाल्या. "हाई लायसन मना नावनं कधी व्हयनं, ती तारीख वाचा."

साहेबांनी फाईल उलटली आणि वाचलं, "नऊ फेब्रुवारी, दोन हजार सहा."

"त्याच दिन तो पोर्‍या व्हयना."

मामा, टाइप करणाऱ्या बाईंचा हात थांबला. मग आई बोलत राहिल्या, आणि मी सून होऊन आले त्यानंतर सगळी वर्षं मिळून त्या माझ्याशी जेवढं बोलल्या नसतील, तेवढं तिथे बोलल्या. म्हणाल्या, मालक जाऊन दीड महिना झाला होता. याच कचेरीत सकाळी सही करून मी घरी गेले. गल्लीतल्या बायका तेव्हा मला बघून दार लोटत होत्या. नवी विधवा, दारूवाल्याची बायको. अशात सविताला कळा सुरू झाल्या. मी गेले. दिवस मावळायच्या आत पोर झालं, आणि सविताने ते दुसऱ्या कोणाच्या नाही, माझ्या ओटीत टाकलं. सकाळी ज्या हाताने सही केली, त्याच हातात सांजेला ते पोर होतं.

मग म्हणाल्या, "त्या दिन त्यानी कार्ड दाखवं, गिरधरनी वाचं. मी मनमा म्हनं, कागद हो म्हनस, मंग मी कसाले नही म्हनू? पोर्‍या हासी राहिंता. नही म्हनाले मालेच लाज वाटनी." पुढे म्हणाल्या, "कागदनी आज मालेबी सोडं, साहेब. पण मी त्याले या हातमा लिधेल शे."

वकिलांनी कागद गोळा करायला घेतले आणि मध्येच ठेवून दिले. साहेबांनी विचारलं, "आजी, तुमचं लायसन जाईल, कळतंय ना?"

"मीच परत करस. फक्त दुसराना नावनं करू नका."

मामा, खरं सांगते. पहिल्यांदा मला भयंकर राग आला. घर बुडालं, पिहूचं कसं होणार, एवढंच डोक्यात घुमलं. आणि त्या रागातच मी त्यांच्याकडे बघितलं. ती बुटकी बाई, टेबलाची कड धरून उभी. कोणी तिला पकडलं नव्हतं. कोणी तिच्याविरुद्ध बोललं नव्हतं. कायदा स्वतः दार उघडून जा म्हणत होता, आणि ती जात नव्हती. इतकी वर्षं मी या बाईला भाजी निवडताना बघते आहे, तिच्या मिशेरीवरून चिडते आहे, आणि ती एवढी मोठी आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

राजदीप आम्हाला न घेताच निघून गेले. आम्ही दोघी रिक्षाने आलो. मी विचारलं, "आई, भीती नाही वाटली?" म्हणाल्या, "वाटनी ना. म्हनीसनच तुना हात धरीसन उनू."

राजदीप कालपासून आईंशी एक शब्द बोललेले नाहीत. आता पुढे काय, मला माहीत नाही. पण तुम्ही मला काहीतरी सांगितलेलं नाही, मामा. त्या नदीकडे कशाला गेल्या होत्या?

रत्ना

---

भडगाव,
२५ जानेवारी २०२६

चि. रत्नास,
मंगल कामना.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा मामीला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो, तर अर्ध्यावर पत्रच तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून पुढचं स्वतःच वाचलं.

तू बरोबर ओळखलंस. अक्का नदीकडे फिरायला गेली नव्हती. सविता दवाखान्यातूनच पोराला घेऊन परस्पर इथे माहेरी आली आहे, अक्का तिच्याकडे जात होती. मला तिने शपथ घातली होती की सुनावणीपर्यंत रत्नाला कळवायचं नाही. तू राजदीपला सांगितलं असतंस आणि राजदीपने तिला धुळ्याबाहेर पडू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मात्र मी मागोमाग गेलोच. प्रशिक खाटेवर होता, पाय उशीवर. अक्का जमिनीवर बसलेली. ती सविताला म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण ऐकू येत नाही म्हणूनच मी ओठ बघायला शिकलो आहे. ती म्हणाली, "तुझ्या पोराची तारीख मी खोटी पाडणार आहे. तू नको म्हणालीस तर गप्प बसेन. भरती त्याची आहे, माझी नाही." दोन दिवस ती हेच विचारायला जात होती. धंदा बुडवायचा तो स्वतःचा, पोराचं नुकसान तिला करायचं नव्हतं.

सविता पुष्कळ वेळ रडली. पहिल्या दिवशी नाहीच म्हणाली होती. मग प्रशिकच बोलला. म्हणाला, "आई, मी दोन वर्षांनी लहान झालो तर भरतीला दोन वर्षं जास्तच मिळतील. पाय बरा व्हायला तेवढी लागतीलच." यावर सविता रडता रडता हसली. म्हणाली, "सांगा अक्का. काय व्हायचं ते होऊ दे."

आता मी तुला एक सांगतो, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अक्का इथे आली की आमच्या विहारात माझ्याशेजारी बसते. सगळे पंचशील म्हणतात. माझे कान पोस्टात असतानाच मंद होत गेले, म्हणून नजर कितीतरी वर्षं सवयीने लोकांच्या ओठांवर असते. अक्काचे ओठ चार शीलांना हलतात आणि पाचव्याला मिटतात. नशेपासून दूर राहण्याचं शील आलं की ती तोंड बंद करते. पहिल्यांदा वाटलं, विसरली असेल. पण दाजी गेल्यापासून दरवेळी तेच. ती थेंबभर प्यालेली नाही, पण जे आपण विकतो त्याचं शील तोंडाने कसं म्हणायचं, म्हणून ती गप्प राहायची. आणि आम्ही सगळे समजत होतो की अक्काला बोलताच येत नाही!

मी तुला लिहिलं होतं, ती तोंड उघडणार नाही. शितावरून भाताची परीक्षा करायला गेलो आणि पुरता फसलो. सत्तरीला आलो, सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही. मला तिची धास्तीच वाटते आहे, पोरी. थोर माणसाशेजारी बसून आपण नुसतंच भरीत खाल्लं, असं वाटतं.

राजदीपवर चिडू नकोस. त्याला वेळ दे. धंद्यावर बापाचा हात फिरलेला आहे, ते तुटणं सोपं नाही.

तुझा,
भाईदासमामा

---

धुळे,
२१ मार्च २०२६

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

उशीर झाला, रागावू नका. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं, आणि नुसतं रडगाणं तुम्हाला पाठवायचं नव्हतं.

निकाल आला. आईंनी स्वतः अर्ज केला होता, त्याप्रमाणे लायसन कायमचं रद्द झालं आहे. खाणावळ चालू आहे. गिरधर शेवभाजी आणि भरीत करतो, चव तुम्हाला ठाऊक आहे. पण ट्रकवाले उतरतात, "बियर नाही?" विचारतात आणि पुढे जातात. दोन वेटर सोडून गेले. मी सकाळी शिकवण्या सुरू केल्या आहेत. भागतं कसंबसं. सगळं छान झालं असं लिहिणार नाही, कारण झालेलं नाही.

राजदीप सुनावणीपासून आईंशी बोलत नव्हते. आधी जेवून उठायचे, मग आई बसायच्या. पिहूमार्फत निरोप. "पिहू, आजीला सांग औषध संपलंय का बघायला." घर असं चाललं होतं, मामा. आईंनी एकदाही तक्रार केली नाही. मला मात्र रात्रंदिवस वाटायचं, त्या दालनात आईंनी कमावलेलं आम्ही इथे घालवतो आहोत.

काल उत्पादन शुल्कचे लोक उरलेला माल ताब्यात घ्यायला आले. सुनावणीतले तेच अधिकारी होते. आई म्हणाल्या, मीपण येते. पेट्या मोजून झाल्या, सह्या झाल्या. मग अधिकारी म्हणाले, "लायसनची मूळ प्रत पण द्यावी लागेल." ती काउंटरच्या मागे, मामंजींच्या फोटोखाली फ्रेममध्ये लावलेली होती.

आई मला म्हणाल्या, "रत्ना, द्यायच्या आधी एकदा वाच. इतकी वर्षं नावावर आहे, काय लिहिलंय ते मला माहीत नाही." मी खालूनच वाचलं. नाव, पत्ता, गट नंबर. मग अटी. एक अट होती, ठरलेल्या वयाखालच्या कोणालाही मद्य देणार नाही. आईंनी मला तिथे थांबवलं. म्हणाल्या, "लिखेल व्हतं तर." मग म्हणाल्या, "पण नही लिखेल ऱ्हातं तरी माहीत व्हतं ना माले."

अधिकाऱ्यांचा शिपाई फ्रेम काढायला गेला, त्याचा हात पोचेना. राजदीप इतका वेळ दारात पाठ करून उभे होते. ते आले, स्टूल ओढलं, चढले आणि फ्रेम खाली काढली. बाहीने काच पुसली. मला वाटलं, अधिकाऱ्यांच्या हातात देतील. त्यांनी ती आईंच्या हातात दिली.

अधिकारी जरा अवघडून म्हणाले, "राजदीपभाऊ, वाईट वाटतं. तुम्ही त्या दिवशी नाशिकला नसता, तर ही वेळ आली नसती."

राजदीप म्हणाले, "आली असती, साहेब. मी प्रशिकला खांद्यावर घेऊन फिरवलेलं आहे, त्याचं वय मलाही माहीत होतं. मी असतो तरी कार्ड बघून बियर दिलीच असती." मग आईंकडे बघून म्हणाले, "फक्त मी सांगितलं नसतं."

तुमची,
रत्ना